घरच्या लग्नात बेसावध माणसे टिपण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरच्या लग्नात कँडिड फोटो काढू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: आपल्या नात्यात बेसावध माणूस नाही. कॅमेरा पिशवीतून अर्धा बाहेर आला की काका पोट आत घेतात, मावशी पदर सारखा करते आणि चुलतभाऊ कारण नसताना लांब कुठेतरी बघू लागतो. यालाच कँडिड म्हणतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. ती पॅकेजवाल्या छायाचित्रकाराने करून दिली. 'ताई, हसा, पण माझ्याकडे बघू नका,' असे म्हणत तो नवरीला एकच बांगडी चारदा चढवायला लावतो. याचे पैसे वेगळे पडतात.

हौशी माणसाने फ्लॅश बंद ठेवावा. फ्लॅश म्हणजे आपण आल्याची दवंडी. आयएसओ 1600 ते 3200. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हॉलातल्या ट्यूबा सेकंदाला 100 वेळा मिचकतात. म्हणून शटर 1/100 वर ठेवावे. 1/500 वर नेल्यास नवरदेव पट्ट्यापट्ट्यांचा येण्याचा संभव असतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकत असे, म्हणजे कुणाचे लक्ष जाऊ नये. त्याला विहीणबाई भेटल्या नव्हत्या.

सर्वोत्तम मुहूर्त मंगलाष्टकांचा. आंतरपाटाजवळ मुळीच जाऊ नये, तिथे आधीच दोन कॅमेरे आणि व्हिडिओवाल्याचा दिवा गुरुजींच्या पागोट्यावर आलेला असतो. आपण पाठ स्टेजकडे आणि तोंड गर्दीकडे करावे. कोणी पहिल्याच कडव्याला सगळ्या अक्षता संपवून पुढे रिकामी मूठ उडवत असतो. मागच्यांच्या अक्षता वधूवरांपर्यंत न पोचता तिसऱ्या रांगेतल्या टकलावर पडतात. मग आत्या स्वरचित मंगलाष्टक घेऊन माइकपाशी येतात. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत अक्षरे 19, आणि त्यांत दोन्हीकडची आडनावे बसवायची. आडनाव तिसऱ्यांदा ताणले गेले की पहिल्या रांगेचे चेहरे टिपावेत. आत्यांकडे वळू नये, हसू येईल.

कानपिळीला पहिलाच पीळ पकडावा. तेवढाच खरा असतो. नंतरचे तीन छायाचित्रकाराच्या विनंतीवरून.

पंगतीत घास तोंडात असलेल्या माणसाचा फोटो काढू नये, तो संबंध बिघडवतो. मात्र ताटावर दोन्ही हात आडवे धरून जिलबी नाकारणारा आणि बोटांच्या फटीतून ती वाढणारा, ही जोडी सोडू नये.

पाठवणीला कॅमेरा खाली ठेवावा. रडणाऱ्या आईभोवती मोबाईल पुष्कळ असतात, पाण्याचा ग्लास कोणी आणत नाही. तो आणून द्यावा आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी जावे. तिथे वधूपिता बाह्या सरसावून केटररशी ताटांचा हिशेब करत असतो. साऱ्या कार्यालयात कॅमेऱ्याचे भान नसलेला माणूस हाच. कोपऱ्यातून चार फोटो घ्यावेत. अल्बमात राहतील असे तेच.

शेवटची सूचना कळकळीची. कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर यांतले काहीही टाकण्याआधी आत्यांचा एक फोटो काढून ठेवा: समोर बघणारा, उभा, फ्लॅशसकट. आणि तोच आधी पाठवा.