श्वान समोर आल्यास: पहाटे धावणाऱ्यांसाठी नियमावली

पहाटे पाच वाजता घराबाहेर पडून, कोणी मागे लागलेलं नसताना राजीखुशीने धावणाऱ्या माणसाविषयी पुण्यातल्या कुत्र्यांचं मत ठाम आहे: हा चोर आहे. या मताला पूर्वग्रह म्हणता येणार नाही. अंधारात, तोंडाला फडकं गुंडाळून, कपाळावर दिवा लावून, आखूड चड्डीत जो धापा टाकत येतो, त्याच्याबद्दल सोसायटीच्या वॉचमनचंही मत तेच झालं असतं. पण त्या वेळी तो झोपलेला असतो.

तेव्हा धावकाने प्रथम कुत्र्याची बाजू समजून घ्यावी. चिकन सेंटरपासून कचऱ्याच्या ढिगापर्यंतचा रस्ता रात्री वाहनं थांबली की त्याच्या टोळीच्या मालकीचा होतो. ती मालकी उजाडेपर्यंत चालते आणि तुम्ही नेमके उजाडायच्या आधी पोचता. पेपरवाला आणि दूधवाला यांना सवलत आहे, कारण ते रोज येतात आणि त्यांच्या येण्याला काही अर्थ असतो. तुम्ही येता, जाता, तासाभराने पुन्हा उलट दिशेने येता आणि हातात काहीही नसतं. हे संशयास्पद आहे.

आता वेगाचा प्रश्न. आपल्यातला बरा धावक किलोमीटरला सहा मिनिटं घेतो, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. साधा गावठी कुत्रा मनात आलं तर याच्या तिप्पट वेगाने येतो. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापलं, त्याची सरासरी ताशी साडेसदतीसच्या आसपास पडते. म्हणजे पळून सुटका करून घेण्याचा मार्ग फक्त बोल्टसाठी खुला आहे आणि तोही पुढच्या विजेच्या खांबापर्यंत.

उरला उपाय एकच: थांबणे. जागच्या जागी उभं राहावं. अंग थोडं तिरकं ठेवावं, हात शरीरालगत सोडावेत, नजरेला नजर देऊ नये आणि चुकूनही हसू नये, कारण दात दाखवण्याचा अर्थ त्यांच्यात वेगळा आहे. शेपूट हलते म्हणून हुरळून जाऊ नये. ताठ उभारलेली, थरथरल्यासारखी हलणारी शेपूट मैत्रीची नसते. भुंकणं मंदावलं की पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे घ्यावं, मग चालावं, आणि टोळीची हद्द पुरती ओलांडल्यावरच पुन्हा धावावं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रशिक्षक सांगतात, प्राण्यांचे डॉक्टर सांगतात, टपरीवरचा चहावालाही सांगतो. तरी कोणी ते करत नाही आणि त्याचं कारण मनगटावर बांधलेलं असतं. थांबलं की सरासरी बिघडते! सहा मिनिटांचा किलोमीटर साडेसातचा दिसतो आणि तो संध्याकाळपर्यंत ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतो. पोटरीला दात लागलेले चालतील, आलेखाला खड्डा पडलेला चालणार नाही, अशा वृत्तीच्या धावकाने पुढचा मजकूर वाचून उपयोग नाही.

दगडाचा उपाय पारंपरिक आहे. त्यात दगड गौण असून वाकणं महत्त्वाचं. माणूस खाली वाकला की कुत्रा चार पावलं मागे सरतो, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेलं दिसतं. रस्ते सिमेंटचे झाल्यापासून खाली दगड नसतो, तरी ज्ञान टिकून आहे. वेताळ टेकडीवर दगड मुबलक, म्हणून तिथली कुत्री जरा नम्र वाटतात असं माझं निरीक्षण आहे, पण तिथे मला मोरही नम्र वाटतात. पंचविसाव्या किलोमीटरला वाकणाऱ्याने आधी परत उभं राहता येईल याची खात्री करावी. दगड मात्र प्रत्यक्ष मारू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. शिवाय आपला नेम कसा आहे ते आपल्याला ठाऊक असतं, आणि हुकलेला दगड कुत्रा विसरत नाही.

काही सोसायट्यांच्या फाटकावर लाल पाण्याच्या बाटल्या टांगतात. तशी बाटली कमरेच्या पट्ट्यात खोचून धावण्याचा विचार असल्यास सोडून द्यावा. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग बरा दिसतो, लाल त्याला मळकटच दिसतो. निळ्या पाण्याची बाटली दिसेल, पण ती बघून त्याने पळून का जावं हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

खरा घोळ पंचांगाचा आहे. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत. तिच्या तयारीला चार महिने हवेत, म्हणजे सप्टेंबरात सुरुवात, म्हणजे भाद्रपद. भाद्रपदात कुत्र्यांचं काय चालतं ते मराठी माणसाला सांगायला नको. त्या काळात सात-आठ नर एका मादीवरून भांडत असताना मधून वाट काढणारा आठवा किंवा नववा समजला जातो. पुढे दोन महिन्यांनी, धावण्याचं अंतर तीस किलोमीटरला भिडतं नेमकं तेव्हा, रस्त्याकडेच्या पाइपात पिल्लं झालेली असतात आणि एरवी बिस्किट खाऊन शेपूट हलवणारी त्यांची आई कोणालाच ओळखत नाही. तिला समजावू नये, रस्ता बदलावा.

पाळीव कुत्रा हा निराळा विषय. त्याच्यासोबत मालक असतो. साखळी मालकाच्या हातात आणि कुत्रा तुमच्या अंगावर, अशा अवस्थेत दुरून आवाज येतो, ‘काही करत नाही हो तो!’ त्यावर वाद घालू नये. दुसरं वाक्य ठरलेलं असतं: ‘तुम्ही पळताय ना, म्हणून तो पळतो. तुम्ही पळू नका ना काका.’ शास्त्रीयदृष्ट्या त्या काकूंचं बरोबर असतं, म्हणूनच ते जास्त लागतं.

ज्यांना प्रशासकीय तोडगा हवा त्यांनी २०२३ ची प्राणी जन्म नियंत्रण नियमावली वाचावी. तीनुसार भटकं कुत्रं उचलून, नसबंदी करून, लस टोचून, सर्वसाधारणपणे जिथून उचललं तिथेच परत सोडतात. म्हणजे तुमच्या तक्रारीवरून गेलेला गडी काही दिवसांनी त्याच कोपऱ्यावर हजर. खूण म्हणून कानाला खाच असते. ती पाहण्यासाठी जितकं जवळ जावं लागतं, तितकं जवळ जाऊ नये म्हणूनच हे मार्गदर्शन आहे.

आणि चावलाच तर? इथे थट्टा बंद. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी. मिरची, चुना, हळद काही लावू नये. ओरखडा आहे म्हणून सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली. आता लस दंडात देतात, सरकारी दवाखान्यात ० (म्हणजे पहिला दिवस), ३, ७ आणि २८ अशा दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारावं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून एकही मात्रा चुकवू नये. रविवारी लाँग रन केलं तर चालेल का, हे तेवढं त्याच बैठकीत विचारू नये. डॉक्टरांनाही कधी चावावंसं वाटतं.

दीर्घकालीन धोरण मात्र स्नेहाचंच असावं. कुत्र्यामागे माणूस धावल्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध कथा नामदेवांची. कोरडी भाकरी घेऊन कुत्रं पळालं आणि हे तुपाची वाटी घेऊन मागे. तेवढी पात्रता नसणाऱ्यांनी बिस्किटाचा छोटा पुडा खिशात ठेवावा, टपरीवर विचारून टोळीच्या म्होरक्याचं नाव शिकून घ्यावं आणि आठवडाभर त्या नाक्यावरून निमूट चालत जावं. मैत्री होते. इतकी होते की एका पहाटे म्होरक्या स्वतःच तुमच्यासोबत धावू लागतो, जीभ बाहेर काढून, अगदी तुमच्या पेसने. हा क्षण धोक्याचा. पुढच्या चौकात दुसऱ्या टोळीची हद्द सुरू होते, ती टोळी त्याला घेरायला येते आणि तो थेट तुमच्या दोन पायांमध्ये शिरतो. अशा वेळी थांबावं, अंग तिरकं करावं, कोणाकडेच बघू नये आणि त्याला सावकाश चालवत त्याच्या नाक्यापर्यंत परत सोडून यावं. दीड-दोन किलोमीटर वाढतील. ते आठवड्याच्या एकूण अंतरात धरायला हरकत नाही.