खोली मिळेल, पण…

हरिहरेश्वरात घर तिथे पाटी: 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. मे महिन्यात पुण्याचा पाहुणा आला की घरचे पडवीत पथारी टाकतात आणि आतली खोली त्याला देतात. आडनाव वहीत लिहितात, पण त्यावरून काही ठरवत नाहीत. ठरतं ते एवढंच, सुरमई की पापलेट.

पावसाळ्यात त्याच घरातला मुलगा बारावीची गुणपत्रिका घेऊन ताम्हिणी घाट चढून पुणे गाठतो. वसतिगृहाच्या यादीत नाव नाही. मग सदाशिव पेठ आणि 'कॉट बेसिस'. सहा बाय तीनचा लोखंडी पलंग, खाली ट्रंक, भिंतीला एक खिळा. तोसुद्धा आधीच्या भाडेकरूचा. चौघांनी मिळून फ्लॅट घ्यावा, तर दलालाची दलाली, वर अनामत, करार अकरा महिन्यांचा. शिवाय मालकांचा प्रश्न, "मासे खाता का?"

शेजारच्या श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना १७१३ साली पेशवाई मिळाली. पुढे त्यांच्या मुलाने पुण्यात शनिवारवाडाच बांधला. बहुधा भाड्याची खोली मिळाली नसावी.

आमच्या आळीतल्या एका पोराने "छे, वासही सहन होत नाही" असं सांगून खोली पटकावली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला, तर ओटीवर तेच मालक सहकुटुंब जेवायला बसलेले. आई विचारत होती, "आणखी एक तुकडी वाढू?"

मालकांनी दोन घेतल्या.