मंडळाची परवानगी

सुनेला दिवस गेल्याचं दवाखान्यात कळतं आणि रिक्षा घराच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत मंडळ स्थापन झालेलं असतं. या मंडळाला नोंदणी लागत नाही, घटना नाही, फी नाही आणि मुख्य म्हणजे जबाबदारी नाही. अध्यक्षपद सासूबाईंकडे, पण ते नामधारी. खरा कारभार आत्याबाई, मावशी, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि निवृत्त झाल्यापासून वैद्यकशास्त्राकडे वळलेले एक काका यांच्या हातात. काका पाटबंधारे खात्यात होते. धरण असो की बाळंतपण, पाणी कधी सोडायचं हे आपल्यालाच कळतं अशी त्यांची पक्की समजूत. जिच्या पोटात मूल आहे तिला मात्र मंडळात मत नाही. ती फक्त कार्यक्षेत्र.

मंडळाचं सर्वांत जुनं खातं आहाराचं. त्याचा पहिला ठराव पपईविरुद्ध असतो आणि तो एकमताने मंजूर होतो. आता, कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे, त्यामुळे कच्ची पपई नको म्हणण्यात अर्थ आहे. पण कच्ची आणि पिकलेली असा भेद करत बसायला मंडळाला सवड नसते. तीच सून रोज दुचाकीवर मागे बसून रस्त्यातले सगळे खड्डे पोटावर झेलत ऑफिसला जाते, त्यावर ठराव नाही. खड्डा महापालिकेचा, पपई आपली.

त्याखालोखाल मान रंग खात्याला. हे खातं रोज रात्री केशराचं दूध पाजतं. केशर किलोला लाखांच्या भावाने मिळतं, तेव्हा बाळाने गोरं होऊन निदान तेवढी तरी परतफेड करावी अशी अपेक्षा. कातडीचा रंग आईबापांच्या जनुकांवरून ठरतो, दुधावरून नाही. पेलेच्या पेले रिचवूनही पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे सावळीच माणसं जन्माला आली, याचा पुरावा मंडळासमोरच बसलेला असतो. खरं तर तो पुरावा म्हणजेच मंडळ.

याच खात्याचं दुसरं संशोधन अधिक महागात पडतं: सरकारी दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या गोळ्यांनी मूल काळं होतं. गोळी असते लाल. गरोदर बाईला लाल आणि वयात येणाऱ्या मुलींना निळी, म्हणजे या तर्काने शाळेतल्या पोरी आजवर निळ्या पडायला हव्या होत्या. लोहाची गोळी घेतली की शौचाला काळं होतं, बाकी कशाचाही रंग बदलत नाही. एवढ्या भांडवलावर खात्याने थेट बाळाचा वर्ण काढला. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात १८० गोळ्या आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८०, असा सरकारी हिशेब आहे. त्यातल्या किती पोटात जातात आणि किती कुंडीत, हे कुंडीतल्या तुळशीला विचारावं. तिचं हिमोग्लोबिन उत्तम असणार. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. अशा बाईला बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर तिचा जीव धोक्यात येतो. पण ते बाळंतपणाच्या खोलीत घडतं, आणि मंडळ बाहेर बाकावर बसलेलं असतं.

खगोल खात्याचं काम वर्षातून दोन-तीनदाच निघतं, पण निघतं तेव्हा कडक शिस्तीत. ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, झोपायचं नाही, खायचं नाही आणि काही घरांत पाणीही प्यायचं नाही. २०२२ साली ग्रहणाने दिवाळीतच मुहूर्त गाठला, तेव्हा ताटातला फराळ पुढ्यात ठेवून गरोदर बायका उपाशी बसलेल्या होत्या. कारण? बाईने भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो. यातली अडचण तारखेची आहे. गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान जुळून येतो. त्या वेळी पुष्कळदा मंडळालाच काय, खुद्द बाईलाही दिवस गेल्याची खात्री नसते. डोहाळजेवण झालेल्या सुनेला ग्रहणात विळीपासून दूर ठेवायचं, तर ओठाचं काम संपून काही महिने झालेले असतात. राहूला उशीर झाला. फाटलेल्या ओठामागे आनुवंशिकता असते, धूम्रपान, काही औषधं अशी कारणं असतात, आणि फॉलिक ॲसिडची गोळी तर मूल राहण्याच्या आधीपासूनच घ्यायला सांगतात. पण पंचांगात त्याचा उल्लेख नाही.

आता मुख्य खात्याकडे वळू. ते काकांकडे आहे, आणि त्याला लस खातं म्हणतात.

आशाताई दारात येते. हातात माता-बाल संरक्षण कार्ड, खांद्याला पिशवी, पायात तीन वस्त्या चालून आल्याचा धुरळा. मंगळवारी उपकेंद्रावर या, धनुर्वाताचं इंजेक्शन आहे, एवढंच ती सांगते. काका चष्मा पुसतात. कंपनी कुठली? ट्रायल किती वर्षं झाली? साइड इफेक्ट लेखी द्याल का? सरकार फुकट का देतंय? यात कोणाचा फायदा? प्रश्न अव्वल दर्जाचे आहेत. औषध नियंत्रकांच्या तज्ज्ञ समितीत शोभावेत. आशाताई उन्हात उभी राहून जमतील तेवढी उत्तरं देते, आणि काका ‘बघू’ म्हणतात.

संध्याकाळी मावशी एक पुडी आणते. एसटी स्टँडबाहेर बसणाऱ्या एका माणसाकडून. मुलगाच होतो म्हणे. पुडीवर कंपनी नाही, तारीख नाही, आत काय आहे ते पुडी देणाऱ्यालाही ठाऊक असेल असं नाही. काका विचारतात, ‘दुधातून घ्यायची की पाण्यातून?’

तेवढा एकच प्रश्न.

मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच बापाच्या शुक्राणूवरून ठरलेलं असतं, त्यामुळे पुडी म्हणजे तसंही वरातीमागून घोडं. पण ती नुसती निरुपयोगी असती तरी बरं होतं. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा ‘मुलाच्या औषधां’चा संबंध मृत मूल जन्मण्याशी आणि बाळातल्या जन्मजात व्यंगांशी आढळला. आपल्याकडे तर पुडीचीही गरज उरली नाही. २०१८ साली नाशिकच्या एका सभेत वक्त्याने आपल्या बागेतला आंबा खाल्ला की मुलगा होतो असं जाहीर केलं. २०२० मध्ये कीर्तनातून सम-विषम तिथींचं गणित सांगितलं गेलं आणि ते संगमनेरच्या कोर्टापर्यंत पोचलं. श्रोत्यांतल्या एकाही काकांनी हात वर करून आंब्याची ट्रायल किती वर्षं झाली असं विचारल्याची नोंद नाही.

धनुर्वाताच्या बाबतीत आत्याबाईंचं म्हणणं वेगळं. ‘आमच्या वेळी कुठे होती इंजेक्शनं? आमची नाही का झाली बाळंतपणं?’ झाली. नाळ विळ्याने कापली जायची, वर शेण किंवा राख लावली जायची, आणि आठवडाभरात एखाद्या बाळाचा जबडा आवळून ते दूध ओढेनासं व्हायचं, मग ताठ व्हायचं, मग जायचं. सटवाईने लिहिलंच नव्हतं म्हणून डोळे पुसले जायचे. अशा बाळांना मंडळाच्या सभेची नोटीस जात नाही. कोरम नेहमी वाचलेल्यांचाच भरतो. गरोदर बायकांना लस मिळू लागली, बाळंतपणं दवाखान्यांत होऊ लागली, आणि २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. याचा अर्थ जंतू संपला असा नव्हे. तो मातीत आहे, शेणात आहे, तिथेच राहणार. बाई लस घेते म्हणून त्याचं विष बाळाला बाधत नाही, इतकंच.

काकांच्या कारकिर्दीचा सुवर्णकाळ अर्थात २०२१. त्या एप्रिलमध्ये एक निरोप देशभर फिरला: पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस बायकांनी करोनाची लस घेऊ नये. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार होती, त्याच्या तोंडावर. पत्र सूचना कार्यालयाने हा निरोप खोटा असल्याचं सांगितलं, पण खोडून काढणारा कागद नेहमी पायी चालतो. पाळीच्या पाच दिवसांत देवघर बंद, लोणचं बंद. त्यात लसीची भर पडली आणि कोणालाच काही वावगं वाटलं नाही. पुढचा निरोप वंध्यत्वाचा. त्याला तर नवीन मजकूरही लागला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हाचाच निरोप रोगाचं नाव बदलून पुन्हा वापरात आला.

रुबेलाचं उदाहरण इथे खास आहे. आईला गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला पडतो. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियातल्या नेत्रतज्ज्ञाने १९४१ साली मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांवरून हा धागा शोधला. म्हणजे शाळेतल्या पोरापोरींना टोचायची ती लस पुढच्या पिढीच्या गर्भांसाठी होती, आणि निरोप सांगत होता की ती पुढची पिढी होऊच नये म्हणून आहे.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूने सांगितली पाहिजे. करोनाच्या लसीबाबत सरकारनेच जानेवारी २०२१ मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना वगळलं होतं, कारण चाचण्यांत त्यांना घेतलेलंच नव्हतं. पाजणाऱ्या आयांना मे महिन्यात आणि गरोदर बायकांना २ जुलैला परवानगी मिळाली. दुसरी लाट त्याआधीच येऊन गेली होती. औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बाईला बाहेर ठेवायचं, मग तिच्यासाठी माहिती नाही म्हणून लस द्यायची नाही, आणि मग अचानक ‘घ्या, सुरक्षित आहे’ म्हणायचं. मधल्या सहा महिन्यांची मोकळी जागा अफवेने भाड्याने घेतली. त्याचं खापर एकट्या काकांवर फोडता येणार नाही.

आणि संशय घेऊच नये असंही नाही. घ्यावा, पण कुठे? बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांचं उदाहरण घ्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. बाई पाळीच्या दिवसांत घरी राहिली तर खाडा, खाड्याचे पैसे कापले जाणार. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून खासगी दवाखान्यात गेलं की अनेकींना सल्ला मिळाला: पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या आकड्यांत पाहणी झालेल्या ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांत चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ. त्यासाठी उचल घेतली गेली, कर्ज काढलं गेलं. इथे काकांचे पाचही प्रश्न हवे होते. तेव्हा काका कुठे होते? फुकटच्या सुईची उलटतपासणी करणारं मंडळ पैसे मोजून करायच्या ऑपरेशनसमोर हात जोडून उभं राहतं.

त्याच कॅन्सरवरची गोष्ट पुढे ऐका. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हे शोधणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २४ हजार बायकांना हा कर्करोग झाला आणि ७७ हजारांहून अधिक गेल्या. त्यावरची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस पुण्यात, हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दोन डोस पुरतात. मंडळाची हरकत अशी की विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, मग आमच्या मुलीला आत्तापासून लस कशाला? ती बिघडेल. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कोणी गंजक्या खिळ्यांवर नाचायला गेल्याचं ऐकिवात नाही. पण मुलीच्या बाबतीत मंडळाला खिळ्यांपेक्षा नाचाची काळजी जास्त.

मध्यंतरी मंडळाची एक शाखा थेट व्हाइट हाउसात उघडली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदर बायकांना सांगितलं की पॅरासिटामॉल घेऊ नका, स्वमग्नता होते, दुखणं सोसा. स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांची नोंद तपासून २०२४ साली अभ्यास निघाला होता. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा असा काही संबंध उरला नव्हता. उलट अंगात चढलेला ताप तसाच राहू देणं गर्भाला घातक ठरू शकतं. पण ‘सोसा’ हा शब्द ऐकून आत्याबाईंचे डोळे भरून आले. आपलं म्हणणं इतक्या वर जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

असो. सुनेचा पाचवा संपत आलाय आणि कार्डावरच्या लशीच्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही. पहिलं इंजेक्शन गरोदरपणाची नोंदणी होताच घ्यायचं असतं, दुसरं चार आठवड्यांनी. आधीच्या खेपेला दोन्ही घेतली असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असतील तर एकच पुरतं. सरकारी दवाखान्यात त्याला पैसे पडत नाहीत. सूनबाई, तुम्ही हे वाचत असाल तर मंगळवारी सकाळी चप्पल घाला आणि निघा. मंडळाची परवानगी लागत नाही.