ओळख देणारा

वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार यांपैकी एकही कागद ज्याच्यापाशी नसतो, त्याला आपण राहतो तेथेच राहतो हे शपथेवर लिहून द्यावे लागते. या लेखास प्रतिज्ञापत्र आणि तो करून देणाऱ्यास प्रतिज्ञार्थी म्हणतात. शपथ देणारा नोटरी किंवा कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसलेला नायब तहसीलदार प्रतिज्ञार्थीस ओळखत नसल्यामुळे, समोर उभा असलेला इसम तोच आहे असे सांगणारा तिसरा कोणी लागतो, आणि ‘प्रतिज्ञार्थीस मी व्यक्तिशः ओळखतो’ या ओळीखाली त्याची सही होते. रीतीने ही जागा वकिलाची किंवा खऱ्या परिचिताची. यवतमाळ जिल्ह्यातील तहसिलींच्या आवारात मात्र तेथे बहुधा ओळख देणारा हा स्वतंत्र प्राणी आढळतो.

त्याचा वावर अर्जनवीसाचे टेबल, मुद्रांक विक्रेत्याची पेटी आणि चहाची टपरी या त्रिकोणात असतो. खिशाला दोन पेने असतात, त्यांतले एक दुसऱ्यांना देण्यासाठी व म्हणून न चालणारे. परिचय ही संथपणे वाढणारी गोष्ट आहे, हे मत त्याला मान्य नाही. नाव, वडिलांचे नाव आणि गाव एवढ्या तीन उत्तरांत त्याचा व्यक्तिशः परिचय पूर्ण होतो, आणि साहेबांनी मान वर करून पाहिलेच तर ‘आपलाच मानूस हाय’ या तीन शब्दांनी तो पक्काही होतो. मानधन ठरलेले नसते, पण चहा धरूनच असतो.

त्याची खरी कसोटी पत्त्याच्या रकान्यात लागते, कारण प्रतिज्ञापत्राचा छापील नमुना घर क्रमांक, गल्ली आणि वॉर्ड विचारतो, तर झरी जामणीकडचा कोलाम पोडावर राहतो आणि पुसद-दिग्रसकडचा बंजारा तांड्यावर, जो पुष्कळदा नाईकाच्या नावानेच ओळखला जातो व नाईक बदलला तरी जुने नाव सोडतोच असे नाही. प्रतिज्ञार्थी घराची खूण म्हणून विहीर, मोह आणि मामाचे खळे सांगतो. ओळख देणारा त्यावर क्षणभर डोळे मिटून ‘मु. पो.’ उच्चारतो आणि उरलेले अर्जनवीसावर सोपवतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर परतते, तरी कागदावर ते ‘गेल्या पंधरा वर्षांपासून सलग’ तेथेच राहत असते, कारण अधिवासाला पंधरा वर्षे लागतात आणि नमुन्यात ऊस नाही. यात प्रतिज्ञार्थीचा दोष काढणे कठीण आहे. 1905 पर्यंत हा जिल्हाच ‘वणी जिल्हा’ म्हणवून घेत असे आणि त्याचे मुख्यालय मात्र यवतमाळास होते, तसेच केळापूर तालुक्याची तहसील आजही पांढरकवड्याला आहे, म्हणजे पत्ता एक आणि मुक्काम दुसरा ही इथली जुनी सरकारी वहिवाट होय.

शासनाने या प्राण्यास संपविण्याचे प्रयत्न केलेले आहेत. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने, कायद्याने आवश्यक असेल तेथे वगळून, प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र घ्यावे असे ठरले, आणि सरकारी कार्यालयांत दाखल करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क तर 2004 सालीच माफ झालेले आहे. ओळख देणाऱ्यास हे दोन्ही आदेश तोंडपाठ असतात; ते तो शंभराचा मुद्रांक घेऊन झाल्यावर प्रतिज्ञार्थीस समजावून सांगत असे, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आल्यावर त्याने याच आदेशांचे स्मरण अधिक कळवळ्याने केले. त्याच वर्षीच्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या अधिवास दाखल्यासाठी रांगा लागल्या, तेव्हा त्याच्या व्यक्तिशः परिचयाच्या स्त्रियांची संख्या बघता बघता इतकी वाढली, की शासनाने पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका किंवा मतदार ओळखपत्रही चालेल असे जाहीर केल्यावर त्याला झालेले दुःख केवळ आर्थिक नसावे.

खोट्या शपथेस भारतीय न्याय संहितेप्रमाणे, न्यायालयीन कामकाजाबाहेरही, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तंबी प्रतिज्ञार्थीस वाचून दाखविताना सर्वांत गंभीर चेहरा ओळख देणाऱ्याचाच असतो, कारण शपथ त्याने घेतलेली नसते.

पुढच्या वर्षी तोच प्रतिज्ञार्थी, आडनावातील वेलांटी चुकल्यामुळे, नवे प्रतिज्ञापत्र करावयास येतो, फाटकातूनच त्याला ओळखून रामराम घालतो आणि घरच्या तुरीची पिशवी पुढे करतो. ओळख देणारा पिशवी ठेवून घेतो, पेनाचे टोपण काढतो आणि विचारतो, ‘नाव काय म्हनलं?’