महाराजांचा किल्ला, होडीवाल्याचा तास

मालवणला निघण्यापूर्वी मी घरात जाहीर केलं होतं, की ही सहल इतिहासाची आहे, माशांची नाही.

"बरं," बायको म्हणाली, "इतिहास सकाळी उरकू, सुरमई दुपारी."

इतिहासाला ‘उरकणे’ हे क्रियापद मला मुळीच आवडलं नाही. ते किती अचूक आहे, हे धक्क्यावर कळलं. "तासाभरात येवा हां," होडीवाल्याने बजावलं, "मी रवूचंय नाय."

25 नोव्हेंबर 1664 रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. कुरटे बेटावर ते तीन वर्षं चाललं. ते बघायला आम्हाला साठ मिनिटं. लाइफ जॅकेटचे बंद पोटापुढे जुळवताना माझा अर्धा दम तर धक्क्यावरच गेला होता.

या किल्ल्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही. होडी तटाला भिडेपर्यंत समोर दगडच दगड, आणि मग दोन बुरुजांच्या बेचक्यातून वाट निघते. शत्रूची फजिती कशी व्हायची, हे मी रंगवून सांगू लागलो आणि मागे वळून पाहिलं, तर श्रोते केव्हाच आत गेलेले.

चुन्यातले महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहिले. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही, म्हणून चिरंजीव ओळख पटवून घ्यायलाच तयार होईना. त्यात बारा मिनिटं गेली. चारी बाजूंनी खारं पाणी असूनही किल्ल्यातल्या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. नावं दूधबाव, दहीबाव, साखरबाव.

"म्हणजे श्रीखंडाची सोय होती," बायको म्हणाली. घड्याळाकडे बघून मी तटावर चढायचा बेत सोडला.

धापा टाकत दरवाजात आलो तेव्हा अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. होडी नव्हती.

"बाबा, त्याला दरवाजा दिसत नसेल," चिरंजीव म्हणाला.

पाऊण तास आम्ही तिथेच उभे. तेवढ्यात अख्खा तट फिरून झाला असता. पण आत जावं आणि नेमकी तेव्हाच होडी यावी, ही भीती. शेवटी स्वारी आली.

"जेवाक गेल्लंय."

मी रागाने तोंड उघडणार, तोच बायकोने विचारलं, "काय होतं?"

"सुंगटाची कडी."

धक्का येईपर्यंत दोघं सुंगटांवर बोलत होते. मोरयाचा धोंडा कुठे, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं.