एक्स-रेची वरात

महाराष्ट्र मागे पडला, अशी हल्ली उठसूट ओरड होते. ओरडणाऱ्यांनी ग्रीनबोन या जर्मन कंपनीचा २०२० सालचा अहवाल वाचलेला नसावा. भारतीय रुग्णांचे एक्स-रे, सीटी स्कॅन वगैरे मिळून १२ कोटींहून जास्त प्रतिमा इंटरनेटवर उघड्या पडलेल्या त्यांना सापडल्या, त्याही नावगावासकट. राज्यवार यादीत पहिला नंबर कोणाचा? आपला! कर्नाटकसुद्धा मागे. बरं, या यशासाठी हॅकरचे पाय धरावे लागले नाहीत. सर्व्हरला पासवर्डच नव्हता. कडीच लावलेली नाही, तिथे चोराला दोष कोणत्या तोंडानं द्यायचा?

आता ‘आभा’ आलं आहे. चौदा आकडी नंबर, त्याला जोडलेली आपली सगळी दुखणी. ते ऐच्छिक आहे असं सरकार म्हणतं. केसपेपरच्या खिडकीपर्यंत ही बातमी पोचायची आहे.

‘‘आजोबा, ओटीपी सांगा.’’

‘‘कुणाला सांगू नका म्हणतात ना?’’

‘‘ते बँकेचं. हा दवाखान्याचा. जरा मोठ्यानं सांगा!’’

आजोबा सांगतात. रांगेतले चौघे तो मनात घोळवतात. मग ‘‘काय होतंय?’’ हेही त्याच पट्टीत विचारलं जातं आणि मूळव्याध थेट एसटी स्टँडपर्यंत ऐकू जाते.

घरबसल्या सल्ला त्यापेक्षा बरा म्हणावा, तर २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना सांगतात की रुग्णानं स्वतः फोन लावला म्हणजे त्याची संमती गृहीत. प्रत्यक्षात फोन लावते सून, धरतो नातू. ‘‘तंबाखू खाता का?’’ असं डॉक्टर विचारतात, आणि आजोबांनी तोंड उघडायच्या आत उत्तर स्वयंपाकघरातून येतं.

दिल्लीच्या ‘एम्स’वर २३ नोव्हेंबर २०२२ ला सायबर हल्ला झाला तेव्हा देशातलं सर्वात नावाजलेलं रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनावर चाललं. कागदाला वाळवी लागते हे खरं, पण वाळवी खंडणी मागत नाही.

घाबरायचं कारण नाही, कायदा झाला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड! आकडा वाचून आमच्या शेजाऱ्यांनी आपला गुडघ्याचा एमआरआय कुठे फुटतोय का, याची आशेनं वाट पाहायला सुरुवात केली. त्यांना पुढचं कलम दाखवावं लागलं: दंड जमा होणार सरकारच्या तिजोरीत. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचं ४३अ हे कलम होतं. ते काढून टाकायची तरतूदही याच कायद्यानं केली आहे. गुडघा आपला, वरात आपली, आहेर सरकारला.

रुग्णाला कायद्यात स्थानच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. त्याची तक्रार खोटी किंवा फुटकळ ठरली, तर त्याच्यासाठी १० हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची वेगळी सोय केलेली आहे.