तिची तब्येत

आमच्या नानासाहेबांचा परिचय करून देण्याचे प्रयोजन नाही; नाव निराळे असेल, पण आपल्याही सोसायटीत ते राहतातच. त्यांची स्कूटर बंद पडली असे कधी घडत नाही, ‘तिची आज तब्येत नाही’ एवढेच घडते. थंडीत तिला हुडहुडी भरते, चढावर धाप लागते आणि शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की ती रुसते. ‘विकून टाका ही’ असे मी एकदा तिच्यासमक्षच बोलून गेलो, तेव्हा ‘हळू बोला, तिला ऐकू जाते’ म्हणत त्यांनी मला दंडाला धरून जिन्याखाली नेले. किक मारण्यापूर्वी तिला एका कुशीवर कलती करून ‘ऊठ ग बाई’ असे कुजबुजताना कोणी पाहिले तर ते ओशाळतात.

या एकांताचे मला नवल वाटत नाही. बोलणाऱ्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करणारा ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 साली अमेरिकेत प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्याशी चार वाक्ये बोलताच त्यांच्या सचिव बाईंनी खुद्द त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले होते. शिवाय 1972 साली बजाजनेच आपल्या स्कूटरला राणाप्रतापांच्या घोड्याचे नाव दिले. मग खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घालून नानांनी पेढा दाखवला, तर त्यांना काय बोलावे?

बोलावेसे वाटते ते अन्यत्र. कचेरीत उशीर झाला की नानांची कैफियत ठरलेली: ‘मी वेळेवरच निघालो होतो, तिने घोळ घातला.’ गॅरेजमधल्या पोराचा हात तापलेल्या सायलेन्सरला लागून पोळला, त्याने पाना टाकला आणि तो मडगार्डवर आपटला. नाना धावले, वाकले, मडगार्डवरून हळुवार बोट फिरवून म्हणाले, ‘फार लागले नाही ना ग?’ पोरगा हात झटकत उभाच होता.

तरीही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे की, माझ्या आईला मध्यरात्री दम लागला तेव्हा हा गृहस्थ भर पावसात, स्कूटरची संमती न विचारता, तिला दामटत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. मी हात जोडले, तर म्हणाले, ‘माझे कसले उपकार? तिने वेळ सांभाळली.’ दोषाप्रमाणे श्रेयही तिच्याच नावे जमा करणारा असा चोख जमाखर्च मी दुसरा पाहिलेला नाही. त्या वहीत गॅरेजमधल्या पोराचे खाते तेवढे अद्याप उघडलेले नाही.